स्वयंपाकघराचं छत

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
आमच्या धंद्यातला हा पहिला धडा.
नट गप्प, दिवेवाले गप्प, खिळे ठोकणारा गप्प,
आणि मी टेप फिरत ठेवायचो अर्धा मिनिट, पाऊण मिनिट,
नुसती ती जागा भरून घ्यायला.
पुढे संकलनात दोन वाक्यांमध्ये भोक पडलं
की त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं.
कापड तेच हवं.
नाहीतर कानाला ठेच लागते.

साल एकाहत्तर, येरेवानचा स्टुडिओ.
ह्राचिक चार वर्षं एकाच चित्रपटात रुतलेला:
एक म्हातारी, युद्धावरून न परतलेला तिचा मुलगा,
आणि जमिनीत पुरलेली भट्टी, लवाश भाजायची.
सातेनिकबाईंनी कणीक मळली, गोळा केला,
आणि लाटण्याआधी तळहाताच्या कडेनं त्यावर
एक उभी रेघ ओढली, एक आडवी.
कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांची आई करायची म्हणे.

समितीनं नेमकं तेवढंच उचललं.
ह्राचिक म्हणाला, पीठ आहे हो ते, साधं पीठ,
चार भाग करतेय बाई, भूमिती आहे.
हात गेला.
भिंतीवरची तसबीर आधीच गेली होती,
खिडकीतला घुमट त्याच्याही आधी.
उरली म्हातारी, उरली कणीक,
मध्ये अडीच सेकंदांचं भोक.
ते बुजवायला माझ्याकडे आलं.

रविवारी मी बसनं दरीतल्या त्या गावी गेलो.
देऊळ म्हणजे तेव्हा लोकरीचं कोठार.
राखणदार म्क्रतिचनं सिगरेटचं पाकीट घेतलं, कुलूप काढलं.
आत छातीपर्यंत गठ्ठे, मेंढ्यांचा उग्र वास.
दगडावर मेणबत्त्यांची काजळी,
तीनशे वर्षांची असेल, कुणी घासली नव्हती.
लोकर आवाज खाते, पण छातीच्या खालचाच.
मी बांबूला बांधून माइक वर चढवला,
जिथे काहीच साठवलेलं नव्हतं.
एका कबुतरानं पाय बदलला, बस.
चाळीस सेकंद.
टेप थांबवून वळलो तर म्क्रतिच उभा,
टोपी हातात.
कधी काढली, त्यालाही ठाऊक नसावं.

ती हवा मी म्हातारीच्या चुलीपाशी अंथरली.
घंटा नाही, स्तोत्र नाही,
चिमटीनं उचलून दाखवता येईल असं काही नाही.
डब्यावर लिहिलं: स्वयंपाकघर, रिकामं.
ह्राचिकला सांगितलं नाही.
तो एवढंच म्हणाला, आज ही कणीक जड का वाटतेय?

शेवटच्या खेळाला मॉस्कोहून झाव्यालोव आले.
पोटाचा विकार, समोर सोड्याचा पेला.
दिवे लागले तरी चष्मा पुसत राहिले.
मग माझ्याकडे, ह्राचिककडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले,
"तुमच्या या स्वयंपाकघराचं छत फार उंच आहे."
मी बुटांकडे बघितलं.
म्हटलं, खेड्यातली घरं साहेब, जुनी.
"हो," ते म्हणाले. "आमच्याकडेही होती."
आणि शिक्का मारला.
शाई सुकेपर्यंत फुंकत बसले,
गरम दूध फुंकावं तसे.

चित्रपट अकरा दिवस चालला.
ह्राचिक गेला, सातेनिकबाई गेल्या.
लोकर कधीच गेली. देवळात आता लग्नं लागतात.
गेल्या शरदात पुतणीच्या लग्नाला गेलो होतो.
व्हिडिओवाला एक पोरगा, कानावर हेडफोन,
सगळ्यांना हात जोडून विनवत होता:
अर्धा मिनिट गप्प बसा, फक्त अर्धा मिनिट,
नंतर भोकं पडतात.
कोण बसतंय!
काकवा हसत होत्या, बाहेर झुर्ना सुरू झालेला.
मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं,
माझ्याकडे आहे इथली, चाळीस सेकंद,
पण थोडी लोकर लागलीय तिला,
आणि डब्यावर नाव दुसऱ्याच जागेचं आहे.